टेबलावर, पण लॅपटॉपवर

"मी मोबाईलवरून फॉर्म डाउनलोड केला, ऑफिसमधल्या प्रिंटरवर त्याची प्रिंट काढली आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवली." असलं वाक्य कानावर पडलं की कोणीतरी म्हणतंच, यात मराठी उरलीय कुठे! मला हे दरवेळी ऐकून फार वाईट वाटतं, कारण मराठी तिथेच समोर असते आणि आपल्याला दिसत नाही. यातले आठ इंग्रजी शब्द बाजूला काढा आणि काय उरतं ते बघा. मी, -वरून, केला, -मधल्या, -वर, त्याची, काढली, आणि, -च्या, -आवर, ठेवली. वाक्य उभं आहे ते यांच्यावर. शब्दकोशातले शब्द बाहेरून आलेत, पण त्यांना एकमेकांशी जोडणारा प्रत्येक सांधा मराठी आहे, आणि माझ्या मते भाषा ओळखायची ती सांध्यांवरून.

म्हणून आज शब्द कसे जोडले जातात यावर लिहितोय. शाळेत आपण हे "शब्दसिद्धी" नावाच्या धड्यात उरकतो, तत्सम तद्भव देशी परभाषी अशा याद्या पाठ करतो, उपसर्ग लागला की उपसर्गघटित आणि प्रत्यय लागला की प्रत्ययघटित, परीक्षा संपली की विषय संपला. खरं तर शब्द उघडून बघण्यात जी मजा आहे ती यादीत नाहीच, ती तो शब्द प्रत्यक्ष हातात घेऊन कुठे उकलतो ते बघण्यात आहे.

आधी नावांचा गोंधळ मिटवू, कारण मूळ, धातू, प्रकृती, अंग हे शब्द सगळेच एकमेकांच्या जागी वापरतात. धातू म्हणजे क्रियेचा गाभा, ज्याच्या आत आणखी फोड होत नाही, म्हणजे कर, जा, बस, तूट. प्रत्यय म्हणजे मागून चिकटणारा तुकडा आणि उपसर्ग म्हणजे पुढून चिकटणारा. ज्याला काहीही चिकटतं ते सगळं प्रकृती, मग तो साधा धातू असो नाहीतर आधीच तीन प्रत्यय लागून तयार झालेला लांबलचक शब्द असो. आणि अंग हा पाणिनीचा शब्द मला सगळ्यात आवडतो, कारण तो नात्याने ठरतो. ज्याला प्रत्यय लागायचाय, त्याला तो प्रत्यय पुढे उभा असेपर्यंत अंग म्हणायचं. प्रत्यय बदलला की अंगही बदलू शकतं. पाणिनीने जवळपास ४००० सूत्रांत आख्खी संस्कृत भाषा या जोडकामातून उभी केली, सोबत सुमारे २००० धातूंची यादी, आणि त्यात न दिसणारे प्रत्ययसुद्धा आहेत, म्हणजे प्रत्यय लागतो आणि त्याचा लोप होतो, ऐकू काहीच येत नाही पण अर्थ बदललेला असतो. मराठीत "एक दगड, चार दगड" म्हणताना हेच होतं, बहुवचन झालंय पण कानाला काही लागत नाही.

आता एक शब्द जवळून बघू. माणूस. याचं "माणसाला" होतं, "माणसं" होतं, "माणसाळणं" होतं, म्हणजे णू मधला ऊ गेला. पण "माणुसकी" म्हणताना तो गेला नाही, नुसता ऱ्हस्व झाला. आणि "माणूसपण", "माणूसघाणा" यात तर जसाच्या तसा दीर्घ राहिला. असं का? कारण पुढे काय येतंय ते बघा. माणसं, माणसाळ, माणसा- यात जोड स्वराने सुरू होते, आणि स्वर आला की मराठी हा मधला ऊ गिळून टाकते. माणुसकीत पुढे "की" आहे, व्यंजन, म्हणून तो टिकला. माणूसपण, माणूसघाणा मात्र जवळजवळ दोन शब्द शेजारी ठेवल्यासारखे आहेत, म्हणून पहिल्याला धक्काच लागत नाही. आता लाकूड घ्या, लाकडाचा पण लाकूडतोड्या. कापूस, कापसाचा पण कापूसकोंडा. हा नियम आपल्याला कोणी शिकवलेला नसतो, तीन वर्षांचं पोरसुद्धा "माणूसाला" म्हणत नाही फार काळ. तुम्ही म्हणाल "चा" तर व्यंजनाने सुरू होतो मग लाकूडचा का नाही, तर मध्ये जो "आ" येतोय ना, लाकड-आ-चा, तीच सगळी मेख आहे. त्याला सामान्यरूप म्हणतात आणि त्याच्याकडे मी नंतर येणार आहे, कारण माझ्या मते मराठीचा जीव तिथे आहे.

क्रियापदांत तर याहून भारी गोष्टी आहेत. तुटणे आणि तोडणे. फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे, फाटणे-फाडणे, फिटणे-फेडणे. दोरी तुटली, मी दोरी तोडली. कर्ज फिटलं, मी कर्ज फेडलं. इथे मागे-पुढे काही चिकटलेलंच नाही, धातूच्या पोटातला स्वर बदललाय, उ चा ओ, इ चा ए (फाट-फाड मध्ये तेवढा तो दिसत नाही). आणि ट चा ड? तो जुन्या उच्चारांचा अवशेष आहे. प्राकृतात पहिल्या प्रकारच्या शब्दांत जोड ट्ट होता, तो झिजून मराठीत एकेरी ट राहिला, आणि दुसऱ्या प्रकारात आधीपासून एकच ट होता तो स्वरांच्या मध्ये सापडून ड झाला. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा फरक आपण रोज "धागा तुटला का तोडलास" असं भांडताना जसाच्या तसा उच्चारतो. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, गळणे-गाळणे याच घरातले.

हे स्वर बदलायचं तंत्र आता बंद झालंय, नवीन क्रियापदाला आपण ते लावत नाही. नवीन कामाला -अव- आहे. बस-बसव, हस-हसव, उठ-उठव, चाल-चालव. दुसऱ्याकडून घडवायचं असलं की मध्ये अव घाला. पण हाच -अव- आणखी एक काम करतो आणि ते मला मराठीतल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं. "मी गाडी चालवतो" आणि "मला चालवत नाही". तोच धातू, तोच अव, आणि दुसऱ्या वाक्यात अर्थ काय तर पाय उचलत नाहीत, शरीर साथ देत नाही. "मला बघवत नाही", "तिला बोलवेना", "त्याला राहवलं नाही". करायचं मनात आहे की नाही हा प्रश्नच नाही, माणसाच्या आतून ते होतच नाहीये, हे सगळं एवढ्याशा अव मध्ये मावतं. आणि बघा, करणारा "मी" राहत नाही, "मला" होतो, कारण कर्तेपण त्याच्या हातातून गेलेलं आहे. हे वेगळ्या शब्दांत सांगायला गेलं तर अख्खं वाक्य लागतं आणि तरी तो हतबलपणा येत नाही.

हतबलपणा लिहिलं आणि आठवलं, -पण आणि -पणा. हे दोन प्रत्यय एकच आहेत असं पुस्तकं सांगतात, बोलणारी माणसं मात्र तसं वापरत नाहीत. "शहाणपण" हा गुण आहे, "शहाणपणा" ही वागणूक आहे, आणि बहुतेक वेळा न आवडलेली. "तिच्यात शहाणपण आहे" हे कौतुक, "जास्त शहाणपणा करू नकोस" हा दम. मोठेपण मिळतं, मोठेपणा मिरवतात किंवा दाखवतात. लहानपण आहे, त्यात आपण परत जाऊ इच्छितो, पण "लहानपणा" सहसा कोणी म्हणत नाही, तिथे पोरकटपणा, बालिशपणा असं म्हणतात. एका काना-मात्रेच्या फरकाने अवस्था आणि वर्तन वेगळं होतं. आणि हा -पण चांगला म्हातारा आहे बरं का, वेदांच्या भाषेत -त्वन असा प्रत्यय होता, त्याचा वंशज. संस्कृतातून थेट उचललेला -त्व वेगळा, तो मनुष्यत्व, कर्तृत्व असे पुस्तकी कपडे घालून येतो, -पण घरात वाढलाय. तसंच गोडी, गोडवा आणि गोडपणा घ्या. गोडी लागते, वाचनाची लागते, माणसाची लागते. गोडवा आवाजात असतो, स्वभावात असतो. गोडपणा जिभेला कळतो, किंवा मग तो जरा कृत्रिम असतो. गार वरून गारवा, ओल वरून ओलावा, दूर वरून दुरावा. -वा लागला की गुण हवेत पसरल्यासारखा होतो असं मला वाटतं, हे कुठल्या व्याकरणात वाचलेलं नाही, माझ्या कानाचं मत आहे.

आता परकीय म्हणून ज्यांना नावं ठेवतो त्यांच्याकडे येतो. "आता बोलून काय हशील?" यापेक्षा मराठमोळं वाक्य सांगा. तर हशील हा अरबी शब्द. अरबीत धातू म्हणजे फक्त व्यंजनं, बहुतेक वेळा तीन, आणि स्वर भरले, पुढे म किंवा त लावला की वेगवेगळे शब्द. ह-स-ल या तीन व्यंजनांत मिळवणं, गोळा होणं असा अर्थ. त्यातून हासिल, म्हणजे आपला हशील. त्यातूनच महसूल, म्हणजे जे गोळा झालं ते. आणि त्यातूनच तहसील, म्हणजे गोळा करण्याचं काम, त्याला फारसी -दार लावून तहसीलदार. काय हशील म्हणणारी आजी आणि महसूल गोळा करणारा तहसीलदार एकाच धातूवर उभे आहेत. (वसूल मात्र यातला नाही हां, तो व-स-ल, पोचणं. दिसायला भाऊ वाटतो, घर वेगळं.)

महसूल मधला म-ू- हा साचा एकदा ओळखला की मग शब्द आपोआप उघडायला लागतात. नजर आणि मंजूर एकाच धातूचे, ज्यावर नजर फिरवली गेली, पसंत पडलं ते मंजूर. कोर्टातला नाझर पण तिथलाच. जबर आणि मजबूर. आणि मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते जप्त आणि मजबूत यांचं, दोन्हींत धरून ठेवणं आहे, घट्ट पकडलेलं ते मजबूत आणि ताब्यात धरलेलं ते जप्त. हजर, हुजूर, हजेरी, आणि इतिहासाच्या कागदांत भेटणारा महजर, म्हणजे सगळ्यांसमक्ष केलेल्या निवाड्याचा कागद, हेही एकमेकांचे सख्खे.

पण आपण या शब्दांशी काय केलं ते बघा. आपण त्यांच्या आतलं जोडकाम घेतलंच नाही. मराठी माणसाला मंजूर हा अख्खा शब्द आहे, त्यात म आणि ू हा प्रत्यय आहे हे त्याला जाणवत नाही आणि जाणवायची गरजही नाही. आपण तो बंद शब्द उचलला आणि आपला प्रत्यय बाहेरून जोडला. मंजुरी, मंजुरीसाठी, मंजुरीच्या. ऊ चा उ झाला, अगदी माणूस-माणुसकी सारखा. तेच आज प्रिंटरचं होतंय. प्रिंटरमधला शेवटचा -अर इंग्रजीत प्रत्यय आहे, आपल्याला त्याच्याशी देणंघेणं नाही, आपण "प्रिंटरवर" म्हणतो आणि कामाला लागतो.

फारसी प्रत्ययांचं मात्र वेगळं झालं. -दार, -खोर, -गिरी, -बाज, बे-, गैर-, ना- हे नुसते शब्दांना चिकटून आले नाहीत, सुटे झाले आणि आपल्या शब्दांना लागायला लागले. पाणीदार, चवदार, डौलदार. भांडखोर यात भांड आपलं आणि खोर फारसी. खोर म्हणजे खाणारा, आणि म्हणून लाचखोर हा शब्द किती चपखल बसलाय बघा, आपण लाच "खातो" असंच म्हणतो ना. गैरसमज, बेधडक, दादागिरी. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, त्यातले किती टिकले किती गेले हा वेगळा विषय, पण शब्दाला पर्याय देता येतो आणि -दार ला पर्याय देणं महाकठीण असतं, कारण प्रत्यय हा शब्द नसतोच, ती सवय असते. इंग्रजीतून आपल्याकडे हजारोंनी शब्द आले तरी -दार सारखा, अस्सल मराठी शब्दाला लागून सगळीकडे रुळलेला इंग्रजी प्रत्यय मला तरी आठवत नाही. ही गोष्ट मला फार धीर देते.

प्रत्यय कधी कधी इतके झिजतात की शब्दात विरघळून जातात. कुंभार म्हणजे कुंभकार, सोनार म्हणजे सुवर्णकार, लोहार म्हणजे लोहकार. कार चा आर झाला आणि आता कोणालाही कुंभार या शब्दात दोन तुकडे दिसत नाहीत. मग आपण तोच -कार संस्कृतातून परत ताजा आणला आणि पत्रकार, नाटककार, चित्रकार केले. एकच प्रत्यय दोनदा आलाय, एकदा झिजून आणि एकदा कोरा. सुतार मात्र यांच्या रांगेत बसून फसवतो, तो सूत्रधार, त्याच्यात धार आहे. आणि देऊळ, देवकुल झिजून झालेला. दोन शब्दांचा एक झाला, देव पार दिसेनासा झाला, पण "देवळात" म्हणा की उ चा व होतो आणि देव परत दिसायला लागतो. हा उच्चाराचा योगायोग आहे हे मला माहिती आहे, तरी दरवेळी छान वाटतं.

माणसं शब्द चुकीच्या जागीही तोडतात, आणि गंमत म्हणजे चुकीचा तुकडाही जगतो! असुर हा जुना शब्द, ऋग्वेदात वरुणासारख्या देवालाही असुर म्हटलंय, त्यातला अ म्हणजे नकार नव्हेच. पण पुढे लोकांना वाटलं अ + सुर, म्हणजे जो सुर नाही तो, आणि त्यातून "सुर" म्हणजे देव हा नवाच शब्द जन्माला आला. विधवा तसाच. तो वि + धव नाही, तो आख्खाच एक जुना शब्द आहे, लॅटिनमध्ये विदुआ, इंग्रजीत विडो, सगळे त्याचे भाऊबंद. पण संस्कृत बोलणाऱ्यांनी वि हा उपसर्ग समजून बाजूला काढला, उरलेल्या धव ला नवरा असा अर्थ दिला, आणि मग स लावून सधवा केला. आजच्या काळातलं उदाहरण हेलिकॉप्टर. मूळ ग्रीक तुकडे हेलिको आणि प्टेर, म्हणजे मळसूत्र आणि पंख. पण प्ट ने सुरू होणारा तुकडा कोणाच्या जिभेला रुचणार, जगाने तो हेलि आणि कॉप्टर असा तोडला आणि हेलिपॅड तयार झालं. शब्द कुठे तुटतो हे शेवटी बोलणारे ठरवतात, व्युत्पत्ती नाही.

याचा रोजचा उपयोगही आहे, शुद्धलेखनात. महत्त्व मध्ये दोन त का? कारण महत् + त्व, एक त शब्दाचा आणि एक प्रत्ययाचा. तत् + त्व तत्त्व, सत् + त्व सत्त्व, व्यक्तिमत् + त्व व्यक्तिमत्त्व. पण नेतृत्व मध्ये एकच, कारण नेतृ + त्व, तिथे आधी त् उरतच नाही. उज्ज्वल मध्ये दोन ज कारण उद् + ज्वल. हे पाठ करायची गरजच नाही, सांधा माहीत असला की हात आपोआप बरोबर लिहितो. आणि अस्तित्व बघा, अस्ति म्हणजे "आहे", चक्क एका क्रियापदाच्या रूपाला -त्व लावलाय. आहेपण! आस्तिक, नास्तिक पण तिथूनच.

आता सामान्यरूप. मराठीत नामाला प्रत्यय थेट लागत नाही, आधी नाम स्वतःला बदलून घेतं, तयार होतं आणि मग प्रत्यय येतो. घोडा-ला नाही, घोड्या-ला. झाड-आ-वर, भिंत-ई-वर, वाट-ए-वर, देव-आ-ने. हे तयार झालेलं रूप एकटं कधी येत नाही, "घोड्या" म्हणून थांबता येत नाही (हाक मारताना येतं, ते सोडा). हेच ते अंग. आणि एकदा अंग तयार झालं की मराठी किती लांब जाऊ शकते त्याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे "शेजारच्यांकडच्यांनासुद्धा". शेजार ला चा लागला, विशेषण झालं. विशेषण माणसांसाठी वापरलं, नाम झालं, शेजारचे. त्याचं अनेकवचनी सामान्यरूप शेजारच्यां-, त्याला कडे लागलं, त्या कडे ला परत चा लागला, परत विशेषण, परत नाम, परत सामान्यरूप, मग ना, मग सुद्धा. चा ला थांबाच नाही, जोपर्यंत ऐकणाऱ्याच्या डोक्यात बसतंय तोपर्यंत लावत जा. वर, कडे, मध्ये यांना व्याकरणात प्रत्यय नाही, शब्दयोगी अव्यय म्हणतात, पण सामान्यरूप त्यांनाही लागतंच.

आणि परक्या शब्दाची खरी परीक्षा इथेच होते. टेबल मराठीत आला आणि "टेबलावर" झाला. कोर्टात, पोस्टात, हॉटेलात, बुटाला. बँक स्त्रीलिंगी झाली, "बँकेत", वाट-वाटेत सारखी. कंपनीचं "कंपन्यांना" झालं, अगदी वहिनी-वहिन्यांना. सोफा-सोफ्यावर, कॅमेरा-कॅमेऱ्यात, थेट घोडा-घोड्यावर च्या चालीवर. या शब्दांना आता कोणी पाहुणे म्हणू नये. पण "मोबाईलवर", "लॅपटॉपवर", "टीममध्ये", इथे आ नाही ए नाही, शब्द तसाच कडक उभा आहे आणि प्रत्यय त्याच्या बाहेर चिकटलाय. "डेट्यात" कोणी म्हणत नाही, "डेटात" किंवा "डेटामध्ये". म्हणजे शब्दाने आपलं अंग अजून मऊ केलेलं नाही. आता हे नुसतं वयाचं आहे का, जुना शब्द मऊ आणि नवा कडक? थोडं तसं आहे, पण पूर्ण नाही. सिनेमा चांगला जुना आहे तरी सिनेम्याला होत नाही, सिनेमालाच. आपले स्वतःचे राजा, काका पण राज्याला काक्याला होत नाहीत, तेव्हा सिनेमा त्यांच्या पंगतीत बसला म्हणायचं. आणि अनेकवचनात सगळं एकदम सोपं होतं, ज्यांना "लॅपटॉपावर" विचित्र वाटतं तेच लोक "सगळ्यांच्या लॅपटॉपांवर" न अडखळता म्हणतात, "डॉक्टरांनी", "ड्रायव्हरांना". अनुस्वाराचा आं त्यांनी केव्हाच घेतलाय, एकवचन तेवढं राहिलंय.

याच्यासाठी आधी लिंग ठरावं लागतं, त्याशिवाय आ लावायचा की ए ते कळणार कसं. आणि ते कोण ठरवतं? कोणीच नाही, आणि तरी ठरतं. ब्लॉग पुल्लिंगी झाला, लिंक स्त्रीलिंगी झाली आणि "लिंका" पाठवायला लागले लोक. सगळ्यात छान पोस्ट चं झालं. पत्रांचं पोस्ट नपुंसकलिंगी, ते पोस्ट, "पोस्टात टाक". इंटरनेटवरची पोस्ट स्त्रीलिंगी, ती पोस्ट, "त्याच्या पोस्टी वाचल्यास का". इंग्रजीत एकच शब्द, मराठीने सांध्यावरून त्याचे दोन केले.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. जे शब्द मऊ झाले होते ते परत कडक व्हायला लागलेत. आधीची पिढी "स्टेशनावर" म्हणायची, आता "स्टेशनवर". पेनाने चं पेनने, हॉटेलात चं हॉटेलमध्ये. आणि "फ्रेंड्सना", "मेंबर्सचं" मध्ये इंग्रजी बहुवचन एस सकट आत येतंय. एस चं मी फार मनाला लावून घेत नाही, कारण हे आपण पूर्वीही पचवलंय. अहवाल हे अरबीत हाल चं अनेकवचन, उमराव हे अमीर चं अनेकवचन, आपण दोन्ही एकवचन समजून घेतले आणि वर "अहवालांमध्ये", "उमरावांना" असं आपलं अनेकवचन चढवलं. फ्रेंड्सना चंही तेच चाललंय, ना लावलाच की. पण स्टेशनावर चं स्टेशनवर होणं, तिथे शब्द नाही जात, अंग जातं. उद्या कोणी "झाडवर" म्हणाला तर? अजून कोणी म्हणत नाही. पण परकीय शब्दांपेक्षा मला याचं भय जास्त आहे, आणि शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्यांनी टेबलाला पर्याय शोधण्यापेक्षा टेबला चा आ जपावा असं मला मनापासून वाटतं.

दुसरी जागा क्रियापदांची. अरबी-फारसीतून आपण शब्द घेतले तेव्हा त्यांना सरळ णे लावून धातू करून टाकले. बदल-बदलणे, खर्च-खर्चणे, फर्मान घेतलं तसं फर्मावणे, आजमावणे. बदलला, बदलून, बदलत, बदलवत नाही, सगळं लागतं. आपल्या नामांना, विशेषणांनाही असंच, लाथ-लाथाडणे, हात-हाताळणे, पाणी-पाणावणे, उंच-उंचावणे, मंद-मंदावणे, भार-भारावणे. इंग्रजी शब्दांना मात्र आपण करणे, होणे, मारणे यांच्या आधाराने चालवतो. डाउनलोड करणे, हँग होणे, कॉल मारणे. चूक काही नाही त्यात, पण डाउनलोड स्वतः धातू झाला नाही, बाहेरच थांबला.

म्हणून मला नेटवरची मराठी आवडते, तिथे लोक बिनधास्त धातू पाडतात. "गुगलून बघ", "मी गुगललं पण सापडलं नाही". मुळात एका कंपनीचं नाव, ते आता ऊन घेतं, ल घेतं, त घेतं. "टंकणे" तसाच. टंकलेखनातून टंक उचलला आणि टंकतोय, टंकलं, टंकून झालं, आणि लिहायचा कंटाळा आला की "टंकाळा". काही जण नाक मुरडतात, मी मात्र असा एखादा नवीन धातू दिसला की लगेच त्याला सगळे प्रत्यय लावून बघतो, आणि "आज इतकं टंकलंय की आता टंकवत नाही" हे वाक्य कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.